चारोळीची चिक्की



संक्रांत जवळ आली कीं शहरांतील मिठाईच्या दुकानांत चिक्कीच्या वड्यांचे ढीग दिसूं लागतात. कागदांत गुंडाळलेल्या, एकसारख्या कापलेल्या त्या वड्या दिसावयास सुरेख असतात, हें मी नाकारीत नाहीं. परंतु आज जिच्याविषयीं बोलणार आहें ती चिक्की दुकानांत मिळावयाची नाहीं. ती कामठ्यास, माझ्या माहेरच्या स्वयंपाकघरांत, होत असे. आणि तिच्यांत फल्लीदाण्यांच्या जोडीला चारोळी असे. शेंगदाण्यांना आमच्या विदर्भांत फल्लीदाणे म्हणतात. माझ्या जिभेवर तोच शब्द बसला आहे, तेव्हां तोच वापरीन.

कामठा हें गोंदिया तालुक्यांतील जुन्या जमीनदारीचें गांव. १ मे १९९९ रोजीं गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला. त्यापूर्वीं आम्ही भंडारा जिल्ह्यांत मोडत होतों. हा सारा मुलूख भाताचा, तलावांचा आणि जंगलाचा. भात कापणीला येण्यापूर्वींच ओल्या बांधींत जवस आणि लाखोळी फेंकण्याची आमच्याकडील चाल आपणांपैकीं कित्येकांना ठाऊक असेल. बदाम-पिस्ते आमच्या घरीं लग्नकार्याखेरीज दिसत नसत. चारोळी मात्र असे, कारण चाराचें झाड जंगलांत आपोआप वाढतें. चैत्र-वैशाखांत त्याला काळसर, आंबटगोड फळें येतात. गर खाऊन टाकला कीं आंत कठीण कवचाची बी उरते, आणि ती हलक्या हातानें जात्यावर भरडली म्हणजे चारोळीचा दाणा सुटतो.

माझी आई ही बी फोडून ठेवीत नसे. सोललेल्या चारोळीला तेल फार. उन्हाळ्यांत सोललेला दाणा संक्रांतीपर्यंत खंवट होतो. म्हणून कवचासकट बी मडक्यांत भरून ठेवायची आणि पौषांत लागेल तेवढीच फोडायची, असा तिचा परिपाठ होता. हें तिनें मला कधीं शिकविलें नाहीं. मीं नुसतें पाहिलें होतें.

आणि नुसतें पाहिल्यानें काय होतें, तें आई गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मला कळलें. घरांत भावंडें जमलीं होतीं. आईच्या हातची चिक्की यंदा नाहीं, हें कोणी बोलून दाखवीत नव्हतें, पण डब्याकडे सर्वांची नजर जात होती. मीं कढई चुलीवर ठेविली. पहिला घाणा चिवट झाला. दांतांना चिकटे, तुटेना. दुसऱ्या वेळीं तो दोष टाळावा म्हणून पाक अधिक ठेविला, तर तो करपून कडू झाला. मुलांनीं तोही खाल्ला आणि 'छान आहे' म्हणालीं, त्याचें मला अधिक वाईट वाटलें.

त्या दिवशीं आम्हांला दरसाल चारोळी आणून देणारी म्हातारी मावशी ओसरीवर बसली होती. वास येतांच ती आंत आली, कढईंत डोकावली आणि म्हणाली, "बाई, पाक डोऱ्यानं नाई, कानानं पाहाचा." तिनें पितळेच्या ताटलींत गार पाणी घेतलें, तिसऱ्या घाण्याच्या पाकाचे दोन थेंब त्यांत सोडले, ते निवतांच बोटांनीं उचलून ताटलीच्या कडेवर टाकले. टण्ण असा आवाज झाला. 'आतां उतरव,' असें तिनें नुसतें मानेनें सांगितलें. त्याक्षणीं मला आठवलें, कीं आईही ताटली कानाजवळ नेत असे. लहानपणीं मला तो तिचा चाळा वाटे!

या आवाजामागील शास्त्र सोपें आहे. पाक उकळतो तसतसें त्यांतील पाणी उडून जातें आणि उष्णता वाढत जाते. पाणी बरेंच शिल्लक असतां थेंबाची मऊ गोळी होते. तो लाडवाचा पाक. पाणी आणखी आटलें कीं गोळी ताणली जाते, पण तुटत नाहीं. माझा पहिला घाणा येथेंच फसला. साखरेचा पाक १५० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोंचला म्हणजे शंभर भागांत एखादाच भाग पाणी उरतें, आणि मग थेंब कांचेसारखा कडक होऊन वाजतो. गुळाचा पाक मात्र साखरेहून लौकर करपतो, म्हणून शेवटची दोन मिनिटें आंच अगदीं मंद ठेवावी आणि थेंबाची परीक्षा पुनःपुन्हां करावी.

प्रमाण असें: दोन वाट्या फल्लीदाणे, अर्धी वाटी चारोळी, दीड वाटी बारीक चिरलेला गूळ, चमचाभर साजूक तूप आणि गूळ विरघळण्यापुरतें दोन चमचे पाणी. फल्लीदाणे मंद आंचेवर खमंग भाजून, सालें काढून, अर्धवट फोडावेत. चारोळी नुसती कोमट करावी. ती भाजूं गेल्यास लगेच जळते. काळे, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे निष्ठुरपणें फेंकून द्यावेत. १९६० सालीं इंग्लंडांत टर्की पक्षी मोठ्या संख्येनें मेले, ते बुरशी धरलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळें, आणि तें विष भाजल्यानेंही पुरतें नाहींसें होत नाहीं. गूळ पिवळाधमक पाहून भुलूं नये. काळसर, पण कोरडा गूळ उत्तम. पाक वाजला कीं चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. पाक फसफसून फुलतो आणि चिक्की खुसखुशीत होते. आईला सोडा मान्य नव्हता, मला मान्य आहे. मग दाणे घालून भराभर ढवळावें, तूप लावलेल्या पाटावर ओतावें, तूप लावलेल्या लाटण्यानें पातळ लाटावें, आणि गरम असतांनाच सुरीनें रेघा ओढाव्यात. येथें रेंगाळून चालत नाहीं. मुलांना मात्र त्या वेळीं दूर ठेवावें. पाकाचा चटका उकळत्या पाण्याहून फार वाईट, कारण तो कातडीला चिकटून बसतो.

आतां त्या मावशीची गोष्ट पुरी करतें. चिक्की थंड होईपर्यंत ती बोलत बसली होती. पूर्वीं पिकलेलें फळ खालीं पडण्याची वाट पाहत असत, ती म्हणाली. आतां कोणी थांबत नाहीं. आपण थांबलों तर दुसरा नेईल, म्हणून हिरवींच फळें ओरबाडतात, फांद्याही तोडतात. कच्च्या फळांतील दाणा सुरकुतलेला निघतो आणि तोडलेल्या फांदीला पुढल्या वर्षीं फळ येत नाहीं. सरकारनें २००६ च्या वनहक्क कायद्यानें जंगलांतील गौण उपजावर गांवकऱ्यांचा हक्क मान्य केला, आणि २०१३-१४ पासूनच्या आधारभूत किंमतीच्या योजनेंत चारोळीच्या बीचाही समावेश केला. हें मीं तिला सांगितलें. तिनें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मंग थांबाचं कोनी?" मला उत्तर देतां आलें नाहीं. ज्या गांवांनीं मिळून तोडणीचा दिवस ठरविला, तेथें हा प्रश्न सुटूं शकतो, असें मला वाटतें. पण एकट्या म्हातारीला तें सांगून काय उपयोग! मीं एवढेंच केलें, कीं तेव्हांपासून हिरवट, चिरमुटलेली चारोळी स्वस्त मिळाली तरी घेत नाहीं, आणि पिकल्या बीला ती मागेल तो भाव देतें.

पहिली वडी मीं तिलाच दिली. दांत थोडेच उरलेले. तिनें ती गालांत धरून बराच वेळ चघळली.

चिक्की पुरती निवली कीं घट्ट झांकणाच्या डब्यांत, दोन थरांमध्यें कागद घालून ठेवावी. गूळ हवेंतील ओल ओढून घेतो. आमच्याकडील पौषाची कोरडी हवा चिक्कीला मानवते. पावसाळ्यांत हाच जिन्नस दोन दिवसांत चिकट होईल. डबा वारंवार उघडूं नये, असा नियम आहे. आमच्या घरीं तो संक्रांतीपर्यंत टिकल्याचें मला आठवत नाहीं.