ज्याचं शरीर, त्याला सांगा



नाशिक ग्रामीण पोलीस दलाची 2018 ची भरती. ऊसतोड कामगारांची एक मुलगी महिलांच्या जागेसाठी अर्ज करते. लेखी परीक्षा पास होते, मैदानी चाचणीही पास होते. मग येते वैद्यकीय तपासणी. सोनोग्राफीत दिसतं की पोटात गर्भाशय नाही, बीजकोशही नाहीत. पुढे रक्तातली गुणसूत्रं तपासली जातात आणि अहवालात तिची नोंद 'पुरुष' अशी होते. हातातोंडाशी आलेली नोकरी जाते. जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेल्या, मुलगी म्हणूनच शाळेत गेलेल्या या तरुणीला आपल्या शरीरात असं काही वेगळं असेल याची कल्पनाच नव्हती.

तिने मुंबई उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. मे 2022 मध्ये न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती माधव जामदार यांच्यापुढे हे प्रकरण होतं. यात या मुलीचा काहीही दोष नाही, तिने आयुष्यभर स्वतःला स्त्रीच मानलं आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. राज्याचे तेव्हाचे महाधिवक्ता आशुतोष कुंभकोणी यांनीही सहानुभूतीने बाजू मांडली. तिला पोलीस खात्यातच, पण शिपाईपदाऐवजी दुसऱ्या पदावर घेऊ, असं सरकारने कबूल केलं.

याच्या थोडं आधीचं दुसरं प्रकरण तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या महिला पोलीस शिपाई ललिता साळवे. त्यांच्याही तपासणीत वाय गुणसूत्र सापडलं. 2017 साली त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती नाकारली गेली. कारण काय, तर भरती महिला म्हणून झालेली आहे. प्रकरण उच्च न्यायालयात आलं, तिथून प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायला सांगण्यात आलं, अखेर गृहखात्याने खास बाब म्हणून परवानगी दिली. मे 2018 मध्ये इथे मुंबईत, सीएसएमटी स्टेशनजवळच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. ललिताचे ललित साळवे झाले, नोकरी टिकली, पुढे लग्न झालं, आणि 2024 च्या जानेवारीत ते बाबा झाले.

ही दोन माणसं मी मुद्दाम शेजारी शेजारी उभी करते आहे. प्रयोगशाळेचा कागद दोघांकडेही वाय गुणसूत्रच दाखवतो. पण एक जण म्हणते, मी स्त्री आहे आणि स्त्रीच राहणार. दुसरे म्हणतात, मी पुरुष आहे, मला तसं जगू द्या. दोघांचंही बरोबर आहे. हे कोणत्या सोनोग्राफीत दिसणार होतं? ते सांगायला तो माणूसच मोठा व्हावा लागला, त्याला बोलता यावं लागलं.

ज्यांच्या शरीराची जडणघडण जन्मतःच स्त्री किंवा पुरुष या ठरलेल्या साच्यात पूर्ण बसत नाही, त्यांना आपण इंटरसेक्स म्हणतो. कुणाच्या गुणसूत्रांत फरक असतो, कुणाच्या संप्रेरकांत, म्हणजे हार्मोन्समध्ये, कुणाच्या आतल्या किंवा बाहेरच्या अवयवांत. काहींचं जन्मतःच लक्षात येतं, काहींचं पंधरा-सोळाव्या वर्षी पाळी आली नाही म्हणून कळतं, काहींचं मूल होत नाही म्हणून, आणि काहींचं कधीच नाही. यांना सरसकट तृतीयपंथी समजायची आपल्याकडे सवय आहे. तसं नसतं. बहुतेक जण आपल्यासारखेच कुणाची तरी मुलगी, कुणाचा तरी मुलगा म्हणून जगत असतात. लोकलमध्ये तुमच्या शेजारी बसलेले असतात.

मी परळ भागातल्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम केलं. परळ म्हटलं की केईएम, वाडियाची बाळंतपणाची आणि मुलांची रुग्णालयं, टाटा, आणि प्रजननावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था. सगळं हाकेच्या अंतरावर. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आईबाप इथे येतात, फुटपाथवर राहतात, दिवस काढतात. त्यामुळे या विषयात मुंबईने काय केलं आणि काय करायला हवं, याला वजन आहे.

बाळ जन्मलं की पहिला प्रश्न येतो, काय झालं? पेढे की बर्फी? बाहेर आजी उभी असते, काका फोन कानाला लावून असतात. आणि आत लेबर रूममध्ये डॉक्टर बाळाकडे बघतात आणि एक क्षण गप्प होतात. मावशी आणि सिस्टर एकमेकींकडे बघतात. आईला कळतं की काहीतरी आहे. पुढच्या पाच मिनिटांत तिथे काय बोललं जातं, त्यावर त्या घराची पुढची वीस वर्षं ठरतात. 'अरे देवा' म्हटलं गेलं, की बाळ देवाने दिलेली शिक्षा होतं. 'बाळ छान आहे, रडलं, रंग चांगला आहे, मुलगा की मुलगी हे सांगायला काही तपासण्या लागतील, थोडे दिवस द्या,' असं म्हटलं, तर बाळ बाळच राहतं. जन्माची नोंद करायला कायद्याने 21 दिवस दिलेले आहेत, नाव तर पुढेही घालता येतं. बारसं आठवडाभर पुढे गेलं म्हणून आकाश कोसळत नाही.

आता एक गोष्ट मात्र अजिबात थांबू शकत नाही, आणि ती नीट समजून घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. कंजेनिटल ॲड्रिनल हायपरप्लाझिया. डॉक्टर याला सी.ए.एच. म्हणतात. मूत्रपिंडाच्या वर ॲड्रिनल नावाच्या ग्रंथी असतात. या आजारात त्यांना कॉर्टिसोल हे संप्रेरक नीट बनवता येत नाही, आणि त्याऐवजी पुरुषी संप्रेरकं जास्त तयार होतात. त्यामुळे गर्भाशय आणि बीजकोश व्यवस्थित असलेली मुलगी जन्मतः बाहेरून मुलासारखी दिसू शकते. पण धोका त्या दिसण्यात नाही. याच्या तीव्र प्रकारात शरीरातलं मीठ लघवीवाटे निघून जातं. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे साधारण बारशाच्याच सुमारास, बाळ उलट्या करतं, दूध ओढत नाही, मलूल पडतं, आणि उपचार मिळाले नाहीत तर दगावतं. मुलग्यांमध्ये तर बाहेरून काहीच वेगळं दिसत नाही, म्हणून जुलाब-उलट्यांनी गेलं असं म्हणून ती बाळं मातीत जातात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून जास्त नवजात बाळांचं रक्त तपासलं, तेव्हा दर 5,762 बाळांमागे एकाला हा आजार आढळला. टाचेला सुई टोचून घेतलेले रक्ताचे चार थेंब, एवढीच ती तपासणी. गोव्याने 2008 साली नवजात बाळांची अशी तपासणी सरकारी पातळीवर सुरू केली होती. आपल्या प्रत्येक प्रसूतिगृहात ती मोफत व्हायला हवी, हे मी आज या माध्यमातून स्पष्ट मागते.

आणि उपचार काय? गोळ्या. हायड्रोकॉर्टिसोन आणि गरजेप्रमाणे फ्लुड्रोकॉर्टिसोन, रोज, जन्मभर. लालबागच्या एका चाळीत मी हे जवळून पाहिलं. मोठ्यांसाठी बनवलेली गोळी, बाळाला तिचा लहानसा तुकडा द्यायचा. आई ब्लेडने गोळीचे चार भाग करायची, एक भाग दोन चमच्यांमध्ये दाबून त्याची पूड करायची, थोड्या पाण्यात कालवून बाळाच्या जिभेवर सोडायची. दिवसातून तीनदा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक डोसची पेन्सिलने खूण. ताप आला की डोस दुप्पट-तिप्पट करायचा, हे तिच्या सासूला, शेजारणीला आणि खालच्या मजल्यावरच्या रिक्षावाल्या भाऊंनाही ठाऊक होतं. गणपतीत रस्ते बंद असतात, म्हणून त्या दिवसांची औषधं ती आधीच आणून ठेवायची. ती आई चौथी शिकलेली होती. अडाणी आईबापांना समजणार नाही, असं जे डॉक्टर म्हणतात, त्यांना मी त्या कॅलेंडरबद्दल सांगत असे.

आजार आहे तिथे उपचार हवेतच. लघवीचा मार्ग अडला असेल, तर शस्त्रक्रियाही हवी. प्रश्न आहे तो दुसऱ्या शस्त्रक्रियांचा. ज्यांनी जीव वाचत नाही, फक्त बाळ 'मुलीसारखं' किंवा 'मुलासारखं' दिसू लागतं. बाळ सहा महिन्यांचं असतं, दीड वर्षाचं असतं. त्याचा काहीतरी भाग कापला जातो, शिवला जातो. संवेदना जाऊ शकते, व्रण राहतात, पुन्हा पुन्हा ऑपरेशनं होतात. आणि मोठेपणी ते मूल म्हणालं की मी तो नव्हेच, तर कापलेलं परत जोडता येत नाही. आपल्याकडे त्यात आणखी एक दबाव असतो. कितीतरी बाप मी हात जोडताना पाहिले आहेत, 'डॉक्टर, मुलगाच करून द्या.' त्यांना मुलगी नको असते, एवढाच त्या विनवणीचा अर्थ. तो ओळखून नकार देणारे डॉक्टर मी पाहिले, आणि होकार देणारेही.

हा मार्ग गेल्या शतकात, 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये आखला गेला. लहानपणीच लिंग ठरवा, शस्त्रक्रिया करा, आणि मुलाला संशय येऊ देऊ नका. जगभरच्या रुग्णालयांनी तो उचलला. त्याखाली वाढलेली मुलं मोठी झाली आणि 1996 साली 26 ऑक्टोबरला बॉस्टनमध्ये बालरोगतज्ज्ञांच्या अधिवेशनाबाहेर फलक घेऊन उभी राहिली. पुढे तज्ज्ञांनीही भूमिका बदलली. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संयुक्त निवेदनात मुलाला वयाप्रमाणे खरं सांगावं, असं म्हटलं आहे. माल्टा या छोट्या देशाने 2015 साली संमतीशिवाय होणाऱ्या अशा शस्त्रक्रियांवर कायद्याने बंदी घातली.

इतकं लांब जायला नको. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठात न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी 22 एप्रिल 2019 रोजी निकाल दिला. बाळाच्या वतीने आईवडिलांनी दिलेली संमती ही बाळाची संमती धरता येणार नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तमिळनाडू सरकारने आदेश काढला, जिवावर बेतलं असेल तेवढे प्रसंग वगळता तान्ह्या बाळांवर आणि मुलांवर अशा शस्त्रक्रिया करायच्या नाहीत. 2019 साली तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा केंद्रीय कायदा संमत झाला, तेव्हा त्याच्या व्याख्येत इंटरसेक्स व्यक्ती आल्या, पण या तान्ह्या बाळांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. मदुराईचे गोपी शंकर यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये केंद्राला नोटीस काढली. महाराष्ट्राने दिल्लीची वाट का पाहावी? हे राज्य सामाजिक कायद्यांत पुढे राहिलेलं आहे. तमिळनाडूसारखा आदेश मंत्रालयातून निघायला अडचण कसली?

शरीराविषयी मोकळं बोलणं मुंबईला नवं नाही. इथल्याच गिरगावात रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1921 साली संततिनियमनाचं केंद्र काढलं. 1927 ते 1953 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. लोक त्यांना चोरून पत्रं लिहीत, आणि ते छापून उत्तरं देत. त्यासाठी खटले सोसले, त्यातल्या एकात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. आमच्या काळात पुण्याच्या समपथिक ट्रस्टचे बिंदुमाधव खिरे यांनी इंटरसेक्स या विषयावर मराठीतून पुस्तक लिहिलं आहे. नर्सिंग कॉलेजांच्या ग्रंथालयांत ते असायला हवं.

एक मला राहवत नाही म्हणून सांगते. वॉर्डात राउंड असतो. पाच-सात वर्षांचं मूल पलंगावर झोपवलेलं असतं, चादर बाजूला केली जाते आणि दहा-बारा विद्यार्थी वाकून बघतात. मूल छताकडे बघत असतं. शिकणं आवश्यक आहे, मान्य. पण त्या मुलाला विचारा, पडदा ओढा, दोघांनाच आत येऊ द्या. मोठेपणी ही माणसं डॉक्टरची पायरी का चढत नाहीत, याचं उत्तर बऱ्याचदा त्या पलंगावर असतं.

किशोरवयीन मुलींचं आणखी वेगळं. पाळी येत नाही म्हणून तपासणी होते आणि कळतं की गुणसूत्रं एक्सवाय आहेत, शरीर पुरुषी संप्रेरकाला दाद देत नाही, म्हणून ती मुलगी म्हणून वाढली. पोटात वृषणं असतात. 'कॅन्सर होईल, काढून टाका' असं लगेच सांगितलं जातं. काही प्रकारांत तो धोका खरोखर मोठा असतो आणि लवकर काढावंच लागतं. पण या प्रकारात वयात येईपर्यंत तो फार कमी असतो, आणि तीच वृषणं तिला वयात यायला मदत करत असतात. काढली, तर हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून पुढे वर्षानुवर्षं हार्मोन्सच्या गोळ्या घ्याव्या लागतात. हे सगळं त्या मुलीला बसवून सांगायचं असतं. मी मात्र अशा बायका पाहिल्या, ज्यांना 'हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं' एवढंच माहीत होतं.

म्हणून आईबापांनो, डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा. हे आत्ता केलं नाही तर जिवाला धोका आहे का? मूल मोठं होईपर्यंत थांबता येईल का? आणि या सगळ्याचे कागद आम्हाला मिळतील का? मिळालेला प्रत्येक कागद, गुणसूत्रांचा अहवाल, ऑपरेशनची नोंद, डिस्चार्ज कार्ड, एका फाईलमध्ये लावा. रुग्णालयं जुन्या नोंदी कायम ठेवत नाहीत. मूल विचारू लागलं की त्याला झेपेल तेवढं खरं सांगत जा, आणि ते 18 वर्षांचं झालं की ती फाईल त्याच्या स्वाधीन करा.