गणिकेमागच्या दोन मुली

जपानमधली लाकडी ठशांची जुनी चित्रं आपल्यापैकी अनेकांनी छापील पुस्तकांत पाहिली असतील. उतामारो, कियोनागा, एइशी ही त्यातली मोठी नावं. एदो म्हणजे आजच्या तोक्यो शहरातल्या योशिवारा वस्तीतल्या गणिका हा त्यांचा आवडता विषय. मधोमध भरजरी किमोनोतली गणिका आणि तिच्या मागेपुढे एकसारख्या कपड्यांतल्या दोन लहान मुली. या मुलींना कामुरो म्हणत. वय साधारण सहा-सात ते तेरा-चौदा. रसिक त्यांना शोभेपुरत्या समजतात. माझ्या मते मात्र चित्रामागचा व्यवहार उलगडायचा तर आधी याच मुलींकडे पाहायला हवं.

पुरावा चित्रातच आहे. ओगिया या कोठीतल्या हानाओगी नावाच्या गणिकेचं चित्र घ्या. कोपऱ्यात कोठीचं आणि तिचं नाव असतं, शेजारी बारीक अक्षरांत तिच्या दोन कामुरोंची नावं, ‘योशिनो’ आणि ‘तात्सुता’. ही दोन्ही मुळात ठिकाणांची नावं: योशिनो चेरीच्या बहरासाठी प्रसिद्ध, तात्सुता शरदातल्या लाल पानांसाठी. मुलींची आईबापांनी ठेवलेली ही नावं नव्हेत. कोठीनं जोडीला जोड म्हणून ती दिली. 1776 च्या सुमारास सुरू झालेल्या कोर्युसाई या चित्रकाराच्या चित्रमालेत शंभराहून अधिक चित्रं होती आणि तिचा विषयच मुळी नव्या कपड्यांचे नमुने. म्हणजे चित्र ही कोठीची आणि कपड्यांची जाहिरात होती, आणि या मुली त्या जाहिरातीचा भाग होत्या.

कुणी म्हणेल, उपाशी घरातल्या पोरीला इथे अन्न मिळालं, लिहिणं-वाचणं मिळालं, शामिसेन हे तंतुवाद्य वाजवायला मिळालं. खरं आहे. पण हे शिक्षण तिच्यासाठी नव्हतं, पुढे तिच्यावर होणाऱ्या कमाईसाठी होतं. कामुरोची पुढची पायरी शिंझो, म्हणजे उमेदवार गणिका. ही वाट निवडायचा किंवा नाकारायचा प्रश्न त्या वयात तिला कुणी विचारलाच नाही.

दुसरा आक्षेप असा की, आजचे नियम जुन्या काळाला लावू नयेत. पण माणसांच्या विक्रीला शोगुनांच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकांच्या, राजवटीतही कायद्यानं बंदी होती. म्हणून तर मुलगी ‘विकली’ असं कागदावर कुणी लिहीत नसे. ठराविक वर्षांच्या चाकरीचा करार होई आणि पैसे आगाऊ बापाच्या हाती पडत. लपवाछपवी करणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे पक्कं ठाऊक असतं. 1872 मध्ये सरकारनं अशा करारांतून या स्त्रियांना मोकळं करण्याचा हुकूम काढला, तरी परवान्याचा नवा मुखवटा चढवून धंदा चालूच राहिला. वेश्याव्यवसायविरोधी कायदा पूर्णपणे अमलात यायला 1958 साल उजाडलं.

उतामारोच्या रेषेचं कौतुक जरूर करावं. तो त्याला पात्रच आहे. पण त्या दोन मुलींना चित्राची सजावट समजू नये. त्या धंद्यातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत असहाय कामगार त्याच होत्या.