सुई कुणाच्या हाती?



'करुणा आणि नेतृत्व' हा विषय मला दिला, तेव्हा दलाई लामा, मंडेला अशी मोठी नावं डोळ्यांसमोर आली. आजच्या जगात त्यांची आठवण होणं साहजिक आहे. युद्धं, बेघर झालेली माणसं, पूर हे सगळं रोज आपल्या हातातल्या मोबाइलवर येऊन आदळतं. प्रत्येक आपत्तीच्या जागी कुणी ना कुणी पुढारी सांत्वनाला पोहोचतोच. ते सांत्वन खोटं असतं, असं मी म्हणणार नाही. पण मला विचारायचं आहे ते एवढंच, की त्या दुःखापोटी त्या माणसाने आपल्या हातातली कोणती सत्ता सोडली? या प्रश्नासाठी मी तुम्हाला गडचिरोलीला नेणार आहे.

चंद्रपूरमधून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला १९८२ साली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९८६ मध्ये त्यांनी तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. राणीताईंनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. तोवर खेड्यातली बाई आरोग्यखात्याला दिसायची ती गरोदर असली तर, नाहीतर कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टापुरती. तिचं स्वतःचं दुखणं कुठल्याच रजिस्टरात नव्हतं. मोठ्या इस्पितळाची तिथल्या आदिवासींना भीती वाटते हे कळल्यावर दवाखाना झोपड्यांसारखा बांधला गेला आणि त्याला नाव दिलं ते त्यांच्या दंतेश्वरी देवीचं.

मग आला बालमृत्यूंचा प्रश्न. १९८८ मध्ये तिथे जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती. न्यूमोनिया हे त्याचं एक मोठं कारण. तो ओळखायचा तर बाळाचे मिनिटाचे श्वास मोजावे लागतात, आणि गावच्या सुइणीला इतके आकडे येत नव्हते. 'अडाणी सुइणी काय करणार' असं म्हणून विषय तिथेच संपवता आला असता. त्याऐवजी तिच्यासाठी एक साधन घडवलं गेलं. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी, त्यांतला शेवटचा लाल. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. आकडे न येणाऱ्या बाईच्या हाती निदान आलं. या साधनाचा विचार करताना मला नेहमी वाटतं, की दया करणं सोपं आहे. समोरच्या माणसाच्या बुद्धीवर विश्वास ठेवून एवढी खटपट करणं फार थोड्यांना जमतं.

खरी कसोटी पुढेच होती. नवजात बाळं जंतुसंसर्गाने दगावत होती. बाळंतपणं बहुतेक घरीच व्हायची, इस्पितळ दूर आणि पावसाळ्यात वाट बंद. बाळाला जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन हवं असायचं, पण ते द्यायला डॉक्टर नसायचा. बंग दांपत्याने गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायका निवडल्या. त्यांना 'आरोग्यदूत' म्हटलं आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं. वैद्यकीय जगात यावर आक्षेप आले, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. मात्रा चुकली तर? सुईच्या जागी गळू झालं तर? त्यावर उत्तर होतं ते शिस्तीचं. कसून प्रशिक्षण, घरोघरी ठरलेल्या भेटी, प्रत्येक बाळाची नोंद, नोंदींची नियमित तपासणी आणि प्रत्येक मृत्यूचा शोध. ३९ गावांत हे काम चाललं, ४७ गावं तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने ३९ गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने तेही प्रसिद्ध केलं.

डॉक्टरची सुई ही साधी वस्तू नाही. वर्षानुवर्षांचं शिक्षण, पदवी, प्रतिष्ठा असं सगळं तिच्यात साठलेलं असतं. ती गावातल्या बाईच्या हाती द्यायची, तर 'हे फक्त मलाच येतं' हे सुख सोडावं लागतं. मी ज्याला करुणेचं नेतृत्व म्हणतो ते मला इथे दिसतं. शिवाय सुई देऊन ही माणसं बाजूला झाली नाहीत. चूक झाली तर जबाबदारी त्यांनी आपल्याकडेच ठेवली. अधिकार खाली द्यायचा आणि दोषही खालीच ढकलायचा, असली उदाहरणं तर आपल्या प्रत्येक कार्यालयात सापडतील.

पुढे याच कामाच्या आधारे घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीची देशव्यापी योजना आली आणि २०११ पासून ती गावपातळीवर आरोग्याचं काम करणाऱ्या 'आशा' कार्यकर्त्यांकडे सोपवली गेली. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाते, घरी झालं असेल तर सात वेळा. बाळाचं वजन करते, ताप बघते, अंगावर पाजायला शिकवते, लक्षण वाईट दिसलं तर दवाखान्यात पाठवते. योजनेत या साऱ्या भेटींचे मिळून २५० रुपये ठरले. इंजेक्शनचा अधिकार मात्र त्या योजनेत आशांकडे आला नाही. कागदोपत्री त्या स्वयंसेविका आहेत, कर्मचारी नाहीत. करोनाच्या लाटेत त्याच दारोदार फिरल्या आणि मानधनासाठी २०२१ मध्ये त्यांनाच संपावर जावं लागलं.

गडचिरोलीतून सरकारने कामाची पद्धत उचलली, ते काम करणाऱ्या बाईवरचा विश्वास तेवढा उचलला नाही. हे मला फार लागतं. सभागृहात बसलेल्यांपैकी कुणी जिल्हा परिषदेत असेल, कुणी आरोग्यखात्यात असेल. त्यांना माझं सांगणं आहे, की आशांच्या मागण्यांचा कागद पुढच्या वेळी टेबलावर आला, तर त्याच्याकडे खर्चाची बाब म्हणून बघू नका. त्यांना ठरलेला पगार द्या, प्रशिक्षण पुरं करा, आणि गावातल्या बाळांविषयी निर्णय घेणाऱ्या बैठकीत त्यांच्यातल्या एकीला तरी खुर्ची द्या.