परमुलखातला पाहुणा

श्रोतेहो, दसऱ्याची चार दिवसांची सुट्टी लागली, की पुण्याच्या कॉलेजात शिकणारी आपल्या राहूची पोरं संध्याकाळपर्यंत घरी येतात. पण त्यांच्याच खोलीतला बंगालचा मुलगा? हावडा पुण्याहून सुमारे २,००० किलोमीटर. आझाद हिंद एक्सप्रेसने जायला दीड दिवस, यायला दीड दिवस. मग घरी राहायचं केव्हा? तो वसतिगृहातच थांबतो. सोबती गेलेले, खाणावळ बंद, आणि तिकडे त्याच्या गावी ऐन दुर्गापूजा!

त्याला घेऊन ये, असं आपल्या मुलाला सांगा. गुरुजी, तुम्हीही पालकांच्या कानी घाला. पाहुण्यासाठी वेगळा थाट नको. गुऱ्हाळावर न्या. काहिलीतली मळी कशी काढतात, चुलवाणात जळव्या चिपाडं कशी सारतो, हे बघू द्या. त्याच्या मुलखात हिवाळ्यात शिंदीच्या रसाचा गूळ करतात. गुळव्याशी त्याची भाषेवाचूनही गट्टी जमेल. कालवण तिखट लागलं तर काकवी आहेच.

दसऱ्याला आपट्याची पानं त्याच्याही हाती द्या. विजयादशमीला थोरांच्या पाया पडण्याची रीत बंगालातही आहे. तो वाकला तर संकोचू नका.

आणि रात्री त्याच्या आईला फोन लावायला सांगून दोन शब्द तुम्हीही बोला. तिला मराठी येत नसेल, तुम्हाला बंगाली येत नाही. पण पोरगा जेवला, एवढं तिला नक्की कळेल.