नफा कुणाचा, जोखीम कुणाची?

इस्लामने व्याज निषिद्ध ठरवले, हे आपण ऐकून असतो. ते का ठरवले, याची चौकशी मात्र फारशी होत नाही. इस्लामपूर्व अरबस्तानात कर्जाची मुदत भरली की सावकार ऋणकोला विचारी, फेडतोस की वाढवतोस? फेडता आले नाही तर मुदत वाढे आणि तिच्याबरोबर रक्कमही फुगे. या वाढीसाठी सावकाराने ना माल आणलेला असे, ना बाजारातली मंदी सोसलेली असे. समोरच्याची अडचण हेच त्याचे भांडवल! कुराणाने व्यापार वैध आणि रिबा, म्हणजे अशी व्याजवाढ, निषिद्ध ठरवला आणि अडलेल्या ऋणकोला सवड द्या असे बजावले, ते यासाठी. इ.स. 632 मध्ये अखेरच्या हजच्या प्रवचनात पैगंबरांनी जुनी व्याजे रद्द केली आणि सुरुवात आपले चुलते अब्बास यांना येणे असलेल्या व्याजापासून केली. घरच्याच येण्यावर पहिले पाणी सोडले, हे मला फार मोलाचे वाटते.

भांडवलाला मोबदलाच नको, असे मात्र हे अर्थशास्त्र म्हणत नाही. मुदारबा या भागीदारीत एकाचा पैसा, दुसऱ्याचे कष्ट. नफा ठरल्या प्रमाणात वाटायचा आणि हलगर्जीपणा नसताना तोटा आलाच, तर पैसा पैसेवाल्याचा बुडतो आणि कष्टकऱ्याचे श्रम वाया जातात. जोखीम घेईल त्याचाच नफ्यावर हक्क. यावर एक आक्षेप वजनदार आहे. रोखीपेक्षा चढ्या भावाने उधारीवर माल विकणे फिकहला, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राला, चालते. मग ते व्याज नव्हे तर काय? फरक असा की विक्रेत्याकडे आधी मालाची मालकी हवी; ताबा देईपर्यंत माल जळाला, कुजला तर नुकसान त्याचे; आणि एकदा ठरलेली किंमत हप्ता चुकला म्हणून वाढत नाही. व्याजाचे समर्थक म्हणतात तसे महागाईने पैशाची किंमत घटते, हेही खरे. पण ती घट भरून मागणे वेगळे आणि लाचारीवर दर चढवणे वेगळे.

खेदाची गोष्ट ही की आजच्या इस्लामी बँकांचे पुष्कळसे व्यवहार जोखमीच्या या कसोटीला उतरत नाहीत. संघटित तवर्रुक पाहा. ग्राहक बँकेकडून उधारीवर धातू घेतो, बँकच तो त्याच्या वतीने लगेच तिसऱ्याला रोखीने विकते. धातू गोदामातून हलतही नाही. ग्राहकाच्या हाती रोकड येते आणि डोक्यावर तिच्याहून मोठे कर्ज. 2009 मध्ये शारजाच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने हा प्रकार अवैध ठरवला, तो योग्यच. कागद निर्दोष असला म्हणून व्यवहार निर्दोष होत नाही, हे दख्खनच्या शेतकऱ्याला सांगावे लागले नसते. 1875 मध्ये सुप्याला आणि पुणे-नगरच्या गावोगावी त्याने सावकारांचे रोखे जाळले, त्यानंतर 1879 च्या कायद्याने न्यायालयांना रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली. शरियतच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक करारालाही तीच तपासणी लागू करावी, अशी माझी मागणी आहे: खरेदी आणि विक्री यांच्या मध्ये माल बुडाला असता, तर तो कुणाचा बुडाला असता?