नजर रस्त्यावर, नकाशा कानात

आपल्या गटांमधल्या कितीतरी जणी आता स्कूटी घेऊन मंचरला, नारायणगावला जातात. लग्नसराईत लांबच्या गावचं कार्यालय शोधायचं म्हटलं की मोबाईलवरचा नकाशा लागतोच. आम्हीही लावतो. पण हे ॲप गाडी चालवणारीच्या सोयीचं आहे का, ते आज बघू.

ओतूरहून ब्राह्मणवाड्यामार्गे पुढे कोतूळ लागतं. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याकडची तीन माणसं कळसूबाईला निघाली होती. रात्रीची वेळ, मोबाईलचा नकाशा लावलेला. कोतूळहून अकोल्याकडे जाताना गाडी थेट पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. तिथला पूल तेव्हा वर्षातले काही महिने पाण्याखाली असायचा. गावकऱ्यांना ते ठाऊक होतं, नकाशाला नव्हतं. दोघं पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला.

म्हणजे ॲपने नुसता जवळचा रस्ता दाखवून भागत नाही. घाट, कच्चा रस्ता, पाण्याखाली जाणारा पूल असेल तर आधी सांगायला हवं. तेही मराठीत, मोठ्या आवाजात आणि वळण यायच्या बरंच आधी. ऐन वळणावर सांगून काय उपयोग? चालत्या गाडीत पडद्यावर बारीक अक्षरं नकोत, मध्येच विचारलेले प्रश्न तर नकोतच. ताशी ४० किलोमीटरने जाताना तीन सेकंद मोबाईलकडे पाहिलं, तर गाडी शंभर फुटांहून पुढे गेलेली असते. तेवढ्यात उसाची ट्रॉली आडवी येते.

कायदाही हेच धरून आहे. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे गाडी चालवताना मोबाईल फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येतो, आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.

तेव्हा पत्ता घरूनच टाकून निघा. माळशेज, भीमाशंकरकडे जायचं तर नकाशा आधी उतरवून ठेवा, डोंगरात रेंजचा भरवसा नाही. मागे बसलेलीला मोबाईल द्या. चुकल्यासारखं वाटलं तर गाडी कडेला घ्या, टपरीवर विचारा.

आणि एक काम. आपल्याकडचा कुठला पूल पावसाळ्यात बुडतो, हे शहरात बसून ॲप करणाऱ्याला कसं कळणार? ‘रस्ता बंद आहे’ असं नकाशावर कळवायची सोय असते. पुढच्या बैठकीत अशा पुलांची यादी करा. कळवायचं कसं, ते गटातल्या कॉलेजच्या मुली दाखवतील.