जळालेल्या दप्तरातून पूर्वजांचा शोध



ज्यांच्या स्मृतीनिमित्त आपण दरवर्षी येथे जमतो, त्या गुरुजींना साध्या माणसांच्या इतिहासाचे विशेष अगत्य होते. म्हणून आज आयर्लंडमधील सामान्य कुटुंबांच्या पूर्वजशोधाचा विषय मी निवडला आहे. बडोद्यात पिढ्यानुपिढ्या राहूनही ‘आपले मूळ गाव कोणते?’ असे एकमेकांना विचारणाऱ्या आपल्यासारख्यांना तो परका वाटू नये.

1845 साली आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि 1852 पर्यंत चाललेल्या दुष्काळात सुमारे 10 लाख माणसे मेली. जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. त्यांचे वंशज आज अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत. पूर्वजांचा शोध घेऊ पाहणाऱ्या यांच्यापैकी पुष्कळांना ‘आम्ही आयर्लंडचे’ एवढेच ठाऊक असते. परंतु तेथील दप्तर गावांप्रमाणे लावलेले आहे. ‘टाउनलँड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या छोट्या वाड्याच तेथे 60 हजारांहून अधिक आहेत. तेव्हा शोधाची सुरुवात दप्तरखान्यात होत नाही, ती स्वतःच्या घरात होते. जुनी पत्रे, थडग्यावरील लेख, वडीलधाऱ्यांच्या आठवणी यांतून वाडीचे वा पॅरिशचे नाव हाती लागले, तरच पुढची वाट सापडते.

सरकारी नोंदी फार जुन्या नाहीत. कॅथलिकेतर विवाहांची नोंद 1845 पासून, तर सर्वांचे जन्म, मृत्यू आणि विवाह यांची नोंद 1864 पासून होऊ लागली. त्यामागे जायचे तर चर्चच्या वह्या आणि जनगणना यांचाच आधार. येथेच मोठा घाला पडला. यादवी युद्धात, 30 जून 1922 रोजी, डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्‌स’ इमारतीतील सरकारी दप्तरखाना आगीत भस्मसात झाला. 1821 ते 1851 या काळातील चार जनगणनांची बहुतेक कागदपत्रे आणि राजमान्य प्रॉटेस्टंट चर्चच्या तेथे आणून ठेवलेल्या नोंदवह्या जळाल्या. 1861 ते 1891 च्या जनगणनांची पत्रके तर त्यापूर्वीच सरकारने स्वतः नष्ट केली होती. जुन्या जनगणनांपैकी संपूर्ण अशा उरल्या त्या 1901 आणि 1911 च्या.

मग वाचले काय? जे राजधानीत गेले नव्हते ते वाचले! कॅथलिक धर्मगुरूंनी बाप्तिस्मा व विवाह यांच्या वह्या आपापल्या पॅरिशमध्येच ठेवल्या होत्या. पुढे राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची छायाचित्रे घेतली आणि 2015 मध्ये ती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. यांतील अनेक वह्या लॅटिनमध्ये आहेत. जेम्सचा तेथे ‘जाकोबुस’ होतो, विल्यमचा ‘गुलिएल्मुस’. आईचे नाव मात्र पुष्कळदा माहेरच्या आडनावासह येते आणि बाप्तिस्म्याच्या साक्षीला उभी राहिलेली माणसे बहुधा नात्यातलीच असतात. एका ओळीतून दोन कुळे उजेडात येतात ती अशी.

दुसरा आधार ग्रिफिथ यांच्या जमीन-आकारणीचा. 1847 ते 1864 या काळात छापल्या गेलेल्या या यादीत कूळ कोण, मालक कोण, क्षेत्र किती, आकार किती हे वाडीवार दिले आहे. आपल्या सातबाराची आठवण व्हावी असेच हे कागद! घरातील बायकामुलांची नावे मात्र त्यात नाहीत.

याच दप्तरातील एक गोष्ट मला फार हृद्य वाटते. 1909 च्या जानेवारीपासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना निवृत्तिवेतन मिळू लागले. पण 1864 पूर्वी जन्मलेल्यांनी वयाचा दाखला आणावा कोठून? त्यांनी अर्ज केले, ‘1841 किंवा 1851 च्या जनगणनेत माझे बालपणीचे नाव शोधा.’ कारकुनांनी शोधलेले त्या अर्जांवर नोंदवले. पुढे मूळ पत्रके जळाली, अर्ज मात्र उरले. चार शिलिंग-पाच शिलिंगांसाठी धडपडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी नकळत आपल्या आईबापांची नावे वाचवली!

कागद खोटेही बोलतो, हेही सांगितले पाहिजे. जन्मनोंदणीची मुदत टळली की दंड होई, म्हणून पालक तारीख पुढे ढकलत. परिणामी काही मुलांचा बाप्तिस्मा जन्माआधीच झालेला दिसतो! आपण हसू नये. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ‘1 जून’ ही जन्मतारीख बहाल केलेले कितीजण या सभागृहात बसले आहेत! म्हणूनच एक नोंद दुसरीशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये, हा या शास्त्राचा पहिला नियम.

आपल्याकडेही त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, कुलवृत्तांत आहेत आणि या शाळेचे जनरल रजिस्टरही आहे. त्या रजिस्टरात ज्या मुलांची नावे आहेत, त्यांतील कित्येकांची अन्यत्र एक ओळही नसेल. त्याची एकच प्रत एका कपाटात असणे म्हणजे काय, हे डब्लिनने आपल्याला शिकवले आहे. त्याची दुसरी प्रत करून ती दुसऱ्या जागी ठेवावी, अशी माझी संस्थेला नम्र विनंती आहे. आणि माजी विद्यार्थ्यांनी आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांजवळ बसून आजीचे माहेर कोणते एवढे तरी लिहून घ्यावे. कागद जळाला तर कोठे तरी त्याची नक्कल सापडेल. पण माणूस गेले की त्याच्या आठवणीची नक्कल कोठे शोधावी?